मॅचिंग सेंटरसमोरचा विसावा

स्टँड गावाबाहेर गेला आणि भांडण आमच्या घरात आलं.

तसा एसटीच्या स्टँडशी माझा काही संबंध नाही. मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून रिटायर झालेला माणूस. माझा संबंध कालव्याशी आणि कालव्याचं पाणी चोरणाऱ्यांशी. पण जुन्या स्टँडमागच्या पेठेत आमच्या हिचं, म्हणजे प्रियदर्शनीचं, मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, लेस. कुंडलपासून कुठून कुठून बायका एसटीतून उतरायच्या, चालता चालताच पिशवीतून साडी काढायच्या आणि पायरीवरूनच म्हणायच्या, "वैनी, ह्येच्यावर जाईल आसं दावा." साडी हातात घ्यायची हिला गरज पडत नसे. बाई दारात दिसली की हिचा हात मागच्या फळीवर गेलेला असायचा.

मग बायपास झाला आणि बायपासला नवा स्टँड झाला. तिथून पेठेत यायचं म्हणजे मोठा वळसा, मधे दुभाजक, डोक्यावर ऊन. फॉल-पिकोसाठी एवढा प्रवास कोण करतंय? पेठेत उरले तिघं. हॉटेलवाले आप्पासो, बांगड्यांच्या दुकानातला इंद्रजित आणि आमची ही. ही आप्पासोंचा चहा पिणार, आप्पासोंची बायको इंद्रजितकडं बांगड्या भरणार, इंद्रजितची बायको हिच्याकडून अस्तर नेणार. असा बाजार फार दिवस चालत नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

एक दिवस जेवताना ही म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर कुलूप लावते आणि जाऊ दोघं शिवतेजकडं."

शिवतेज आमचा मुलगा. पुण्यात असतो, बाराव्या मजल्यावर. मी तिथं राहून आलोय. लिफ्टमधे माणसं भेटतात, पण जो तो मजल्याच्या आकड्याकडं बघत उभा असतो. इथं मी घराबाहेर पडलो की 'रामराम सायेब' ऐकल्याशिवाय कोपरा ओलांडता येत नाही. मला पुण्याला जायचं नव्हतं. हिलाही नव्हतं, पण ती तसं म्हणत नव्हती. रोज सकाळी जाऊन रिकाम्या दुकानाच्या फळ्या पुसत होती. ते मला बघवेना. म्हणून मी प्रकरण हातात घेतलं. तिनं ते हातात दिलं नव्हतं, ही गोष्ट नंतर बरेच वेळा निघाली.

आमच्या दुकानाच्या बाजूनं एक बोळ मागं जातो आणि नगरपंचायतीच्या जुन्या कोंडवाड्याच्या भिंतीला टेकतो. मोकाट जनावरं कोंडायची ही जागा, आता कित्येक वर्षं बंद. कोंडवाड्याच्या पलीकडं नवा स्टँड. म्हणजे ही भिंत पाडली की स्टँडवर उतरलेली बाई सावलीसावलीनं सरळ आमच्या पायरीवर. माणसाचं आणि पाण्याचं सारखंच असतं. जवळची वाट दिली की आपोआप येतं. उभी नोकरी मी याच तत्त्वावर काढली.

पेठेत बैठक घेतली. आप्पासो म्हणाले, "सायेब, भिंत पाडाय परवानगी कशाला? माझ्या भाच्याचा ट्रॅक्टर हाय. उलटा घेताना लागला म्हनायचं." इंद्रजितचं म्हणणं, वाट काढाच, पण ती त्याच्या दुकानासमोरून थोडी वळवून काढावी. सरळ वाटेला वळण कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाला, "वळनावर मानूस हळू चालतो, सायेब. हळू चालला की काचंत बघतो." मुद्दा बिनतोड होता, म्हणून मला राग आला. मी दोघांनाही सांगितलं की सगळं कायदेशीर मार्गानं होईल.

नगरपंचायतीच्या मुख्याधिकारी आम्रपालीमॅडम नव्या होत्या, तरुण होत्या आणि ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, "कोंडवाडा वापरात नसेल तर भिंत काढायला हरकत नाही. मी स्वतः येऊन बघते." दुसऱ्याच दिवशी आल्या. इतक्या वर्षांत कुणी न उघडलेलं दार मी स्वतः ढकललं. आत आप्पासोंची शेळी होती. शेजारी दोन करडं.

मॅडमबरोबर आलेल्या कारकुनाचा चेहरा उजळला. "मॅडम, कोंडवाडा चालू हाय."

आप्पासो तिथंच होते. गप्प राहतील तर शपथ. अभिमानानं म्हणाले, "माझीच हाय शेळी. हिकडं गारवा लय, म्हनून बांधतो."

"म्हणजे तुमचं जनावर कोंडवाड्यात आहे," मॅडम म्हणाल्या. "मग दंड भरून सोडवून न्या."

"दंड? आवं, मी सोताहून कोंडलीय! सोताच्या शेळीचा दंड भरायला मला काय याड लागलंय?"

आप्पासो हट्टाला पेटले. दंड भरेनात. दंड भरत नाही म्हणून शेळी सुटेना, शेळी सुटत नाही म्हणून कोंडवाडा रिकामा होईना, आणि रिकामा होत नाही म्हणून भिंत पडेना. दरम्यान शेळीला सरकारी चारा सुरू झाला, त्यामुळं आप्पासोंची तर काहीच तक्रार उरली नाही. रोज सकाळी ते दाराच्या फटीतून तिची विचारपूस करायचे आणि चारा टाकायला दार उघडलं की दूध काढून आणायचे. त्याच दुधाचा चहा आम्ही प्यायचो आणि पुढं काय करायचं याची चर्चा करायचो.

शेवटी नियम निघाला. मालक नेत नाही त्या जनावराचा लिलाव. लिलावाला मी, कारकून आणि आप्पासो एवढेच. आप्पासो बोली बोलायला तयार नाहीत, कारण शेळी त्यांचीच. कारकुनाला बोलता येत नाही, कारण तो कारकून. मग राहिलं कोण? तालुक्यातले निम्मे कालवे ज्यानं बांधले, तो मी भर दुपारी शेळी आणि दोन करडं घेऊन पेठेतून घरी चाललो होतो. एक करडू काखेत होतं. शाळा सुटलेली. 'रामराम सायेब' सगळे म्हणाले, पण त्यातला सूर वेगळा होता. हिनं दारातच विचारलं, "रस्ता आणायला गेला होतात ना?"

पण भिंत पडली. आम्रपालीमॅडमनी दिलेला शब्द पाळला. आठवड्यात मुरूम पडला, वर फरशी बसली. स्टँडचा फलाट आमच्या पायरीवरून दिसायला लागला. त्या संध्याकाळी ही कितीतरी दिवसांनी दुकानात गुणगुणत होती. नव्या लेसची रिळं तिनं पुढच्या काचेत मांडली. मला वाटलं, जिंकलो.

उद्घाटनाशिवाय आमच्याकडं रस्ता सुरू होत नाही. लोक चालायला लागतात, पण मनापासून नाही. नगराध्यक्षांची वेळ घेतली, सकाळी दहाची. बेंजो पार्टी सांगितली. हिनं दुकानातली लाल सॅटिनची फीत काढली. ती आम्ही आमच्या शटरपासून समोरच्या खांबापर्यंत, बोळाच्या तोंडावर आडवी बांधली. ताटात कात्री, कुंकू, नारळ. पेठ झाडून पाणी मारलेलं. आजूबाजूच्या बायका नटून आल्या होत्या. दहा वाजले. अकरा वाजले. अध्यक्ष निघालेत, असं त्यांचा माणूस दर अर्ध्या तासानं फोनवर सांगत होता. बेंजोवाल्यांना येत होती ती सगळी गाणी वाजवून झाली, म्हणून त्यांनी पहिल्यापासून धरली.

बाराच्या सुमारास पेठेच्या वरच्या अंगाला गलका झाला. मला वाटलं, आले. ही टाचा उंचावून बघत होती. ती हळूच म्हणाली, "अहो, हे अध्यक्ष नाहीत."

मयत होतं. वरच्या आळीतल्या चंद्राबाई आज्जी, शंभरीला टेकलेल्या, पहाटे गेल्या होत्या. मागं अर्धं गाव. पुढं त्यांच्या भावकीतले वडीलधारे लालासाहेब. लष्करातून सुभेदार म्हणून आलेले, वय पंच्याऐंशीच्या पुढं, पण पाठ ताठ. आता सांगतो. आमची स्मशानभूमी नव्या स्टँडच्या पलीकडं ओढ्याकाठी आहे. हे मला माहीत होतं, गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बायपास झाल्यापासून मयताला दुभाजकाचा वळसा घालून उन्हातून जावं लागायचं. जवळची वाट दिली की पाणी येणार, हे मी बघितलं होतं. कुठलं पाणी येणार, हे बघायचं राहिलं होतं.

मिरवणूक फितीपाशी येऊन थांबली. माझा हात आपोआप वर गेला. तीस वर्षं कालव्यावर ट्रॅक्टर अडवायची सवय. म्हणालो, "जरा थांबता का? अध्यक्ष येतायत. फीत कापायचीय."

लालासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, फितीकडं बघितलं. "सायेब," ते शांतपणे म्हणाले, "म्हातारीनं शंभरीपतोर कुनाची वाट बघितली न्हाई. आता अध्यक्षाची बघाय लावू नगा." मग मागं वळून म्हणाले, "थांबलायसा त्ये थांबलायसाच, तर विसावा हितंच घ्या रं."

मयत नेताना निम्म्या वाटेवर तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात, एक दगड ठेवतात आणि पुढं जातात. हा विसावा. बायका तिथवर येतात आणि मागं फिरतात. भावकीचा विसावा एकदा जिथं झाला, तिथंच पुढं व्हायचा. तो मोडायचा नसतो. आणि तो प्रियदर्शनी मॅचिंग सेंटरच्या पायरीला लागून, नव्या लेसच्या काचेसमोर झाला. कुणीतरी दगड शोधत होतं, तर इंद्रजितनंच आपल्या शटरला टेकण म्हणून लावलेला काढून दिला.

मी ताटातली कात्री उचलली आणि फीत कापली. दुसरं काय करणार? बेंजोवाला माझ्या कानाशी आला. "सायेब, वाजवू का थांबू?"

"भजन येतं का?"

"येतंय की. मगाच सांगायचं न्हाई का!"

बेंजो पुढं, मयत मागं. मयत दारावरून जाताना आपण नुसतं उभं राहायचं नसतं, म्हणून उद्घाटनाला आलेले सगळे मागं लागले. आप्पासो गेले, इंद्रजित गेला. नारळसुद्धा कुणीतरी नेला. बायका तिथूनच घरी गेल्या, आंघोळी करायला. एक वाजता अध्यक्ष आले तेव्हा बोळाच्या तोंडावर मी, ही आणि आमची शेळी एवढेच होतो.

"झालं का उद्घाटन?" अध्यक्षांनी विचारलं.

"झालं."

"कुणाच्या हस्ते?"

मी कात्री पाठीमागं धरली. ही म्हणाली, "चंद्राबाई आज्जींच्या."

त्या दिवसापासून बोळात वर्दळ झाली नाही असं मी म्हणणार नाही. वर्दळ झाली. मोठं गाव, म्हातारी माणसं पुष्कळ, आणि वाट सावलीची. एका भावकीचं बघून दुसऱ्या भावकीनं विसावा तिथंच धरला. एवढी माणसं स्टँड जुन्या जागी होता तेव्हाही आमच्या दारावरून गेली नव्हती. फक्त जाताना आम्ही शटर निम्मं खाली ओढायचो, आणि येताना कुणी आंघोळीशिवाय कशाला शिवायचं नाही. गर्दी मापात होती, नेमकी दारातून होती, आणि एकालाही दुकानात येता येत नव्हतं. उभ्या पेठेच्या इतिहासात असा रस्ता झाला नसेल.

त्यातच एक बस्त्याची मंडळी आली. लग्नाच्या साड्या घेतलेल्या, आता सगळ्यांवर मॅचिंग पाहिजे. नवरीकडच्या आठ-दहा बायका, कवठे महांकाळहून आलेल्या. हिनं उत्साहानं गठ्ठे सोडले. तेवढ्यात पेठेतून 'राम नाम' ऐकू आलं. नवरीची मावशी म्हणाली, "मयत आडवं जानं चांगलं आसतंय, काम हुतंय." आत्या म्हणाली, "काम हुतंय, पन कुनाचं?" दोघींचं तिथंच जुंपलं. आत त्यांचं मिटेस्तोवर बाहेर विसावा झाला, आणि मंडळी साड्या काखेत मारून सांगलीला गेली. ही कापडाच्या घड्या परत घालत होती. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. एकट्यादुकट्या बायकाही स्टँडवरून त्या वाटेनं यायला बिचकायला लागल्या. 'नगं बाई, ती मयताची वाट.'

पेठेत माझं नाव निघालं. गावात कुणी फार आजारी असलं की लोक म्हणायला लागले, "म्हातारं आता सायबाच्या बोळाला लागलं." रस्त्याला आपलं नाव मिळावं असं कुणालाही वाटतं. पण असं नाही. आप्पासो म्हणाले, भिंत परत बांधा, माझ्या भाच्याकडं विटा हायत. इंद्रजित म्हणाला, वळण काढलं असतं तर तिरडी वळली नसती. हे मात्र खरं होतं आणि त्याचा मला फार त्रास झाला.

दिवाळीला तीनच महिने उरले होते. विसावा हलवायचा तर लालासाहेबांच्या शब्दावर हलेल, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. तर लालासाहेब अंथरुणात. ताप, दम, डोळे मिटलेले. मी उशाशी बसलो. आता अशा माणसाला कसं विचारायचं? मी हवापाण्याचं बोललो. ऊस कसा आहे विचारलं. शेवटी म्हणालो, "लालासाहेब, विसाव्याची जागा जरा पुढं नेली तर..."

त्यांनी डोळे उघडले. "सायेब, माझी काळजी करू नगासा. मला तुमच्याच बोळातनं न्या. सावली हाय. विसावा वैनीच्या दुकानापाशीच ठिवा." आणि माझा हात हातात घेऊन थोपटला. घरची माणसं डोळे पुसायला लागली. मीही पुसले. काय सांगू, मला खरंच भरून आलं आणि कामही फसलं.

पण लालासाहेब उठले. सलाइन लागली, ताप उतरला. आणि एका सकाळी पांढरी विजार, टोपी, हातात काठी असे एकटेच बोळातून चालत आले. आमच्या पायरीशी आले आणि विसाव्याच्या दगडावर खुशाल बसले.

आप्पासो हॉटेलातून ओरडले, "आवं, तितं काय बसताय?"

"बघतोय. उद्या न्याल तवा मला काय दिसनार हाय? आत्ताच बसून घेतो." मग त्यांनी हिला हाक मारली. "वैनी, पानी द्या. आन टोपी हाय का? ही मळलीया."

"टोप्या नाहीत आपल्याकडं."

"का? आमच्या चंद्राबाईच्या बाराव्याला आमी सांगलीला गेलतो टावेल-टोप्यांना. पावण्यांना देयाला, सुनांस्नी साड्या. एवढी मानसं हितनं जात्यात आन तुमी लेस विकताय?"

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, एका अभियंत्याच्या बायकोनं दुखवट्याचं सामान विकायचं? लोक काय म्हणतील? ही म्हणाली, "लोक तुमच्या बोळाला काय म्हणतात ते आधी ऐका." सकाळी ती पहिल्या एसटीनं गेली आणि टॉवेल, टोप्या, साध्या साड्यांचे गठ्ठे घेऊन आली. बोळातूनच आली.

लालासाहेब रोज येऊन बसू लागले. जिता माणूस तिथं पाय पसरून बसतो म्हटल्यावर आणखी दोघंतिघं म्हातारे आले. म्हातारे आले म्हणून त्यांना बोलवायला नाती, सुना आल्या. बारावं असलेल्या घरची माणसं जतवरनं, कुठनं कुठनं एसटीनं उतरायची आणि पायरीवरूनच टॉवेल-टोपी घेऊन पुढं जायची. सुतकातली साडी घेणारी बाई जाताना काचेतली लेस बघायची आणि महिन्यानं बारशाच्या साडीवर मॅचिंग मागायला यायची. तिरडी आली की शटर निम्मं खाली, गेली की वर. कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं.

दिवाळीत शिवतेजचा फोन आला. "आई, मग कधी येताय दोघं?" स्पीकर चालू होता. मी कान देऊन ऐकत होतो.

"मी नाही येत रे. मला उसंत नाही," ही म्हणाली. मी सोफ्यावर टेकलो. इतका आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता. "बाबांना मात्र ने थोडे दिवस. दिवसभर दारात उभे राहून माणसं मोजतात, गिऱ्हाईक बुजतं. आणि आप्पासोंच्या हॉटेलमागं त्यांना आणखी एक भिंत दिसलीय."

मी गेलो. बाराव्या मजल्यावर आठ दिवस काढले, लिफ्टमधे आकड्यांकडं बघितलं आणि नवव्या दिवशी न सांगता एसटी धरली. नव्या स्टँडवर उतरलो, पिशवी घेतली आणि माझ्या स्वतःच्या बोळातून माझ्या स्वतःच्या पायांनी पहिल्यांदाच प्रवासी म्हणून चालत आलो. सावली खरंच छान होती.

दुकानात शिरता येईना. पायरीवर बायका, आत बायका, काउंटरवर साड्यांचा ढीग. मी बायकांच्या खांद्यांवरून हिला हात केला. तिनं बघितलं. हसली. मग हातातली कात्री न ठेवता म्हणाली, "अहो, जरा बाहेर थांबा. गिऱ्हाईक आहे."

मी बाहेर थांबलो. पिशवी जड होती, ऊन वाढलं होतं, आणि तरीही मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. डोळे थोडे ओले झाले असावेत. बोळातून एक अनोळखी गृहस्थ आले, मला तसं उभं बघून थबकले आणि डोक्यावरची टोपी काढून हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं वं?"

"कुणी गेलं नाही," मी म्हणालो. "मी आलोय."